रजकाचे राज्य

इ. स. १४२२. गुलबर्ग्याच्या तख्तावरचा फिरोजशाह बहमनी दोन वर्षांपूर्वी पानगलच्या लढाईत विजयनगरकडून मार खाऊन आला होता आणि तेव्हापासून खचला होता. आपल्यामागे मुलगा हसनखान गादीवर यावा ही त्याची इच्छा. दरबारातल्या अनेकांची नजर मात्र त्याचा भाऊ अहमदखान याच्याकडे. आपला काटा काढायचे घाटते आहे अशी कुणकुण लागताच अहमदखानाने शहर सोडायचे ठरवले आणि निघण्यापूर्वी मुलगा अलाउद्दीन याला घेऊन तो ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्याकडे गेला. शंभरी गाठलेल्या या सूफीने एका पगडीचे दोन भाग केले, एक बापाच्या डोक्याला बांधला, दुसरा मुलाच्या, आणि दोघेही राज्य कराल असा आशीर्वाद दिला, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. अहमद त्याच वर्षी सुलतान झाला. १४३६ मध्ये त्याच्यामागून अलाउद्दीन गादीवर आला. आता आशीर्वाद तोंडीही देता आला असता. सूफींच्या शब्दाला त्या काळी वजन कमी नव्हते. मग कापडाचे दोन तुकडे करण्याची गरज कोणाला आणि का पडली?

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या मुलखात, म्हणजे कल्याणपासून (आजचे बसवकल्याण) गाणगापूरपर्यंत, बाराव्या ते सोळाव्या शतकात ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांच्या इतिहासात हा प्रश्न कुठे ना कुठे भेटतो. सुलतानांचा दरबार, सूफींची खानकाह, शरणांचा, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांचा, अनुभवमंटप, दत्तसंप्रदायाचा मठ, या चारही ठिकाणी वस्त्राला दागिन्याहून फार मोठे काम होते. माणूस मरतो; पद मरून चालत नाही. एका देहातून निघून दुसऱ्या देहात शिरेपर्यंत ते कुठेतरी ठेवावे लागते, आणि ते ठेवण्याची जागा म्हणजे वस्त्र. मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. सवाई माधवराव चाळीस दिवसांचे तान्हे बाळ असताना, २८ मे १७७४ रोजी, त्यांना पुरंदरावर पेशवाईची वस्त्रे मिळाली. ती देणाऱ्या सातारच्या छत्रपतींच्या हाती तोवर कारभार उरला नव्हता, आणि घेणाऱ्याला मानही सावरता येत नव्हती. तरी वस्त्रांवाचून बारभाईंचे चालले नाही. वस्त्राला एवढे महत्त्व असेल तर ते शिवणारा, जपणारा, धुणारा आणि वेळेवर बाहेर काढणारा माणूस इतिहासाच्या समासात राहू शकत नाही. दख्खनच्या इतिहासलेखनाने त्याला समासात ठेवले, ही त्या लेखनाची उणीव आहे.

वस्त्रांच्या राखणदारीची सर्वांत तपशीलवार जुनी हकिकत इस्राएलची आहे, आणि दख्खनचे वेगळेपण तिच्या शेजारी ठेवल्यावर उठून दिसते. अहरोन होर डोंगरावर मरणार तेव्हा त्याच्या अंगावरची याजकाची वस्त्रे उतरवून त्याचा मुलगा एलाजार याला घालण्यात आली, असे बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकात आहे. आधी वस्त्रे उतरली, मग देह पडला. राजांच्या काळात वस्त्रांसाठी स्वतंत्र अधिकारी दिसतो. येहू राजाने बआलच्या भक्तांना देवळात जमवले आणि वस्त्रागाराच्या अधिकाऱ्याला त्या सर्वांसाठी वस्त्रे काढायला सांगितली. त्यानंतर आत जमलेल्यांची कत्तल झाली. योशीया राजाच्या कारकिर्दीत, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, मंदिरात सापडलेल्या नियमशास्त्राच्या ग्रंथातल्या वचनांविषयी विचारायला राजाची माणसे हुल्दा या संदेष्टीकडे गेली. तिची ओळख ग्रंथकार कशी करून देतो? वस्त्रे सांभाळणाऱ्या शल्लूमची बायको म्हणून. पुढे रोमन अमलात तर वस्त्रागार हाच भांडणाचा मुद्दा झाला. मुख्य याजकाचा सणाचा पोशाख रोमनांनी यरुशलेमच्या अँटोनिया किल्ल्यात ठेवला. त्यावर याजकांची आणि खजिनदारांची मोहोर असे, किल्लेदार रोज तिथे दिवा लावी, आणि सणाच्या सात दिवस आधी पोशाख बाहेर निघे. इ. स. ३६-३७ मध्ये व्हिटेलियसने तो ताबा ज्यूंना परत दिला. काही वर्षांनी फादुस या अधिकाऱ्याने तो पुन्हा मागितला, तेव्हा शिष्टमंडळ थेट रोमला गेले आणि इ. स. ४५ मध्ये क्लॉडियस बादशहाने ज्यूंच्या बाजूने पत्र दिले. एका कपाटाच्या किल्लीसाठी माणसे समुद्र ओलांडून बादशहापर्यंत गेली, कारण ती किल्ली ज्याच्याकडे त्याच्या परवानगीनेच वर्षाचा मोठा विधी होणार होता.

इस्राएलची वस्त्रे एका कुळातच राहत. ती बाहेरच्या कोणाला दिली जायची नाहीत, बापाकडून मुलाकडे यायची, आणि सारा झगडा साठवणीच्या जागेचा. दख्खनमध्ये नेमके उलट घडले. इथली वस्त्रे देण्यासाठीच होती. ती दरबारातून सरदाराकडे, गुरूकडून शिष्याकडे, एका देशातून दुसऱ्या देशात जात. दिलेले वस्त्र परत येत नाही. ते नाकारता येते, फाडता येते, वाटून टाकता येते, पुरताही येते. म्हणून इथल्या राखणदाराची कसोटी कुलूप सांभाळण्यात नव्हती. काय, कोणाला आणि केव्हा द्यायचे हे ठरवण्यात होती.

या व्यवहाराचा पसारा दिल्लीने दाखवून दिला होता. मुहंमद तुघलकाच्या कारखान्यात रेशमाचे काम करणारे चारशे विणकर होते आणि दरवर्षी दोन लाख पोशाख वाटले जात, निम्मे वसंतात आणि निम्मे शरदात, असे अल-उमरी या अरब लेखकाने दिल्लीहून आलेल्यांकडून ऐकून लिहून ठेवले आहे. आकडा फुगवलेला असेल. पण पुढे फिरोज तुघलकाच्या जामदारखान्यात एकट्या हिवाळी कपड्यांवर सहा लाख टंके खर्च होत, असे अफीफ हा इतिहासकार नोंदवतो, तेव्हा प्रमाणाचा अंदाज येतो. म्हणजे हे एक मोठे खातेच होते. आणि एवढी वस्त्रे वाटणारा मुहंमद तुघलक स्वतः मात्र वस्त्रासाठी हात पसरून होता: १३४४ च्या सुमारास कैरोच्या अब्बासी खलिफाकडून खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आली, तेव्हा तिच्या स्वागताला तो पायी सामोरा गेला. त्यानंतर तीनच वर्षांत, ३ ऑगस्ट १३४७ रोजी, त्याच्याच बंडखोर अमिरांनी दौलताबादला हसन गंगूला अलाउद्दीन बहमनशाह म्हणून तख्तावर बसवले. बंडखोराकडे वंश नव्हता, खलिफाचे पत्र नव्हते. त्याने छत्र काळे घेतले, तो अब्बासींचा रंग. आणि उत्तरकालीन परंपरा सांगते की प्रेषितांनी मिराजच्या रात्री घातलेला झगा त्या दिवशी त्याच्या अंगावर चढवण्यात आला. हा पवित्र अंगरखा आजही खुलताबादला झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात जपलेला आहे आणि वर्षातून एकदा दर्शनाला काढतात. परंपरा खरी की बनवलेली, हा प्रश्न बाजूला ठेवू. तो पुढे येणारच आहे. गुलबर्ग्याच्या नव्या राज्याला दिल्लीच्या खिलतीवर मात करायला त्याहून जुने आणि पवित्र वस्त्र हवे होते, आणि ते सुलतानाच्या जामदारखान्यात नव्हते, फकिराच्या पेटीत होते.

आता गेसूदराजांकडे. पगडी वाटणाऱ्या या पुरुषाला स्वतःच्या गुरूकडून खिरका, म्हणजे उत्तराधिकाराचा झगा, मिळालेलाच नव्हता. त्यांचे गुरू नसीरुद्दीन चिराग-ए-देहली १३५६ मध्ये वारले. निजामुद्दीन औलियांकडून आलेला खिरका, काठी, माळ, वाडगा, खडावा हे सारे आपल्याबरोबर पुरावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. कोणा शिष्याला ते द्यावे असे त्यांना वाटले नाही. चिश्ती परंपरेतला हा फार कठोर निर्णय, कारण त्याने दिल्लीतली मध्यवर्ती गादीच संपवली. गुरूच्या देहाला स्नान घालणाऱ्यांत गेसूदराज होते. ज्या खाटेवर ते स्नान घातले तिची सुंभाची दोरी त्यांनी उसवली, गळ्यात घातली आणि माझा खिरका हाच, असे म्हटले, ही हकिकत सूफी चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. कबरीत गेलेल्या झग्याच्या जागी ओल्या खाटेची दोरी! मला या हकिकतीत भक्तीइतकीच राजनीती दिसते. मृतदेह धुण्याचे, त्याचे कपडे उतरवण्याचे काम ज्याने केले त्याने त्या कामातूनच वारसा काढला. वस्त्र ज्याला मिळाले नाही तो वस्त्र उतरवणारा म्हणून वारस झाला. १४०० च्या सुमारास ते गुलबर्ग्याला आले आणि दिल्लीत तुटलेला धागा त्यांनी दख्खनमध्ये पुढे चालवला.

अहमदशाहाने राजधानी बिदरला हलवली, आणि तिथे गेल्यावर गुलबर्ग्याची अर्धी पगडी त्याला पुरेना. इराणमधल्या माहानचे शाह नियामतुल्ला यांच्याकडे त्याने माणसे पाठवली. उत्तर म्हणून मुल्ला कुत्बुद्दीन हा शिष्य पेटीत ठेवलेला बारा पाख्यांचा हिरवा ताज घेऊन बिदरला आला. फिरोजशाहाशी झुंजण्यापूर्वी स्वप्नात एका दरवेशाने असाच ताज आपल्याला दिला होता आणि तो दरवेश हाच, असे सुलतान ओरडला, हे फिरिश्ताने रंगवून सांगितले आहे. पाठोपाठ नियामतुल्लांचा नातू नूरुल्ला आला, सुलतानाचा जावई झाला, आणि गेसूदराजांच्या वंशजांच्याही वर त्याला मान मिळाला. १४३१ मध्ये शाह वारल्यावर मुलगा खलीलुल्लाही आला; अष्टूरच्या वाटेवरची चौखंडी ही त्याची समाधी. अष्टूरला अहमदशाहाच्या घुमटात या परंपरेची गुरुमालिका रंगवलेली आहे. टोपी देणाऱ्या घराण्याचे मोल काय होते, हे त्या भिंती सांगतात. दख्खनी आणि आफाकी (परदेशातून आलेले) असा जो दरबारी कलह पुढे बहमनी राज्य पोखरून गेला, त्याचे नाव आपण सैन्य आणि जहागिरींच्या संदर्भात घेतो. त्याची एक सुरुवात या पेटीतही आहे: आधीच्या पगडीवर नवा ताज चढला, आणि पगडी देणारे दुसऱ्या पायरीवर गेले.

महमूद गावानची गोष्ट याच मालिकेतली, पण उलट्या दिशेने जाणारी. कोकण आणि गोवा जिंकून तो १४७२ मध्ये बिदरला परतला. सुलतान मुहंमद तिसरा त्याच्या घरी जाऊन राहिला, राजमातेने त्याला भाऊ म्हटले, मानाचा पोशाख मिळाला. पाहुणे गेल्यावर वजीर आतल्या खोलीत गेला, भरजरी कपडे उतरवले, जमिनीवर पडून रडला, दरवेशाचा वेष चढवून बाहेर आला आणि हत्ती, घोडे व ग्रंथ सोडून बहुतेक संपत्ती वाटून मोकळा झाला. पढिक वाचक याला वैराग्य म्हणतात. असेलही. पण त्याच बिदरमध्ये त्याच सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी डोळे उघडे ठेवून हिंडत होता. नीलमण्यांनी मढवलेल्या अंगरख्यातला सुलतान, खुरासानी उमरावांचे थाट, आणि ढाल-तलवार घेऊन उघड्या अंगाने, अनवाणी धावणारे हिंदू प्यादे त्याने पाहिले. खेड्यातली माणसे दैन्यात आणि सरदार ऐश्वर्यात, असेही नोंदवले. जिथे अंगावरच्या कापडावरून माणसाची जागा ओळखली जाते तिथे सुलतानाची खिलत म्हणजे गळ्यातला दोर, हे परदेशातून आलेल्या वजिराला कळले नसेल असे वाटत नाही. आणि त्याचा अंत झाला तोही एका राखणदाराच्या हातून. त्याची मोहोर सांभाळणाऱ्या गुलामाला शत्रूंनी फितवले, कोऱ्या कागदावर ठसा उमटवून घेतला, त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी गावानचे डोके उडाले. मोहोर हे वस्त्र नाही, कबूल. पण अधिकार ज्या वस्तूत साठतो ती ज्याच्या हाती, तो मालकाला मारूही शकतो, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

यावर पहिला आक्षेप साधनांचा. पगडी, स्वप्नातला ताज, वजिराचे रडणे, हे सारे फिरिश्ता सांगतो, आणि तो सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरला बसून, घटनांनंतर सव्वाशे ते दोनशे वर्षांनी लिहीत होता. खाटेच्या दोरीची गोष्ट भक्तांच्या चरित्रांतली. अशा पुराव्यावर इतिहास उभा राहतो का? घटना सिद्ध करायची असेल तर तो डळमळीत आहे, हे मान्य. इथे सिद्ध करायचे आहे ते वेगळे. खोटी गोष्ट रचणारा ज्या पुराव्यावर लोक विश्वास ठेवतील तोच पुरावा गोष्टीत घालतो. नाहीतर गोष्ट चालत नाही. गेसूदराजांनी पगडी फाडली नसेल, तरी ती फाडली असे सांगितल्याने बाप आणि मुलगा या दोघांचेही राज्य पटते, असे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला वाटत होते. शिवाय सगळ्याच गोष्टी हवेतल्या नाहीत. नियामतुल्लांचे घराणे बिदरला आले, जावई झाले, अष्टूरला रंगात उतरले. हे दगडचुन्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक कसदार. सत्ता तलवारीत आणि महसुलात असते. कापड हा देखावा, आणि देखाव्याचे राखणदार ते देखाव्याचेच. याचे उत्तर बिदरच्या बरीदांनी दिले आहे. कासिम बरीद १४९२ मध्ये वजीर झाला, १५०४ मध्ये त्याच्यामागून अमीर बरीद आला. किल्ला, फौज, तिजोरी सारे त्यांच्या मुठीत होते. महमूदशाह १५१८ मध्ये मेल्यावर अमीर बरीदाने एकामागून एक चार बहमनी बाहुले तख्तावर बसवले. यांतला पहिला अहमदशाह. खर्चाला पैसा मिळेना म्हणून त्याने घराण्याचा चार लाख होनांचा मुकुट मोडून रत्ने गुपचूप विकली, असे फिरिश्ता लिहितो. अमीर बरीदाला कळताच त्याने विक्रीत हात असलेल्यांना हालहाल करून मारले. पण घेणारे विजयनगरच्या मुलखात पसार झाले होते. ज्याच्याकडे सगळे होते तो एका कैदी राजाच्या डोक्यावरच्या वस्तूसाठी एवढा का पेटला? नुसती किंमत म्हणावी, तर तिजोरी त्याचीच होती. आणि आयुष्यभर राज्य चालवूनही त्याने स्वतःला शाह म्हणवले नाही. ते धाडस त्याच्या मुलाने, अली बरीदाने, १५४२ नंतर केले. देखावा फुकाचा असता तर पन्नास वर्षे कोणी तो पोसत बसले नसते. बरीद हे खरे तर तख्ताच्या सामानाचे राखणदार होते, आणि राखणदारीचे रूपांतर मालकीत व्हायला अर्धे शतक लागते, एवढा त्या सामानाचा धाक होता.

इथवर आलेले राखणदार वजीर, सूफी, कारखानदार होते. पण वस्त्राला मळ लागतो, आणि धुण्यासाठी प्रत्येक वस्त्र मालकाच्या अंगावरून उतरून ज्याच्या हाती जाते तो परीट या इतिहासात कुठे बसतो? या मुलखाचे एक वैशिष्ट्य असे की त्याने परटाला दोनदा मध्यभागी आणले आहे. पहिल्यांदा बाराव्या शतकातल्या कल्याणमध्ये. बसवण्णांच्या शरणांतला मडिवाळ माचय्या हा परीट. त्याची वचने ‘कलिदेवरदेव’ या मुद्रेने संपतात. पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेराव्या शतकातल्या तेलुगू बसवपुराणात तो फक्त शिवभक्तांचेच कपडे धुतो, आणि धुतल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन तलवार बाळगत रस्त्याने जातो. भक्त नसलेल्याने गाठोड्याला हात लावला तर त्याची खैर नाही. तक्रार बिज्जल राजापर्यंत जाते, राजा माजलेला हत्ती सोडतो, माचय्या हत्तीला मारतो. अतिशयोक्ती पुराणाची, तिच्यातला नियम मात्र नीट पाहण्याजोगा आहे. इतरत्र परटाच्या स्पर्शाची चर्चा होते, इथे परीट इतरांच्या स्पर्शाला मनाई करतो. कोणाचे वस्त्र घ्यायचे हे तो ठरवतो, म्हणजेच शरण कोण आणि भवी, म्हणजे भक्त नसलेला, कोण हे त्याच्या गाठोड्यावरून ठरते. सुलतानाच्या खिलतीने जे काम दरबारात केले तेच काम, देण्याऐवजी स्वीकारण्याच्या बाजूने, हे गाठोडे कल्याणच्या रस्त्यावर करत होते. बसवण्णांच्या दानशूरपणाचा अहंकार माचय्यानेच उतरवला, असेही शरणकथा सांगतात. बिज्जलाचा भांडारी असलेल्या माणसाला जाब विचारणारा परीटच निवडावा, हे उगीच नाही.

दुसरा परीट गुरुचरित्रातला. कृष्णेकाठी कुरवपुरला श्रीपाद श्रीवल्लभांना रोज दंडवत घालणारा रजक नदीवर धुणे धूत असताना नावेतून जाणाऱ्या यवन राजाचा थाट, त्याच्या स्त्रियांचे अलंकार बघून हरखतो. गुरू त्याच्या मनातली वासना ओळखतात आणि राज्य याच जन्मी हवे की पुढच्या, असे विचारतात. म्हातारा झालो, पुढच्याच जन्मी द्या, असे तो म्हणतो. नवव्या अध्यायातला हा वर पन्नासाव्या अध्यायात फळतो: रजक वैदुरनगरचा, म्हणजे बिदरचा, यवन राजा होऊन आला आहे, अंगावर गळू उठले आहे, कोणाचे औषध चालत नाही. तो गाणगापूरला येतो, श्रीपादांचाच पुढचा अवतार मानलेले नृसिंहसरस्वती त्याला रजक म्हणून हाक मारतात, त्याला पूर्वजन्म आठवतो आणि गळू जाते. मग तो गुरूंना मिरवत बिदरला नेतो. हा राजा म्हणजे अलाउद्दीन दुसरा असावा, असे अभ्यासकांचे एक मत आहे. काळ जुळतो, अलाउद्दीन १४५८ मध्ये वारला, आणि पायाच्या दुखण्याने तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याचे, मेल्याची अफवा उठून बंड झाल्याचे फिरिश्ताही सांगतो. हे मत धरले तर एक चमत्कारिक योग हाती लागतो. अर्धी पगडी बांधून ज्याला गेसूदराजांनी राजा केले असे एक परंपरा म्हणते, त्याच अलाउद्दीनला श्रीपादांनी परटाच्या जन्मातून उचलून राजा केले असे दुसरी म्हणते. दर्गा गुलबर्ग्याचा, मठ गाणगापूरचा, मध्ये एका दिवसाची मजल. आणि बिदरच्या एकाच तख्तावर दोघांचा दावा, दोन्हीकडे वस्त्राच्या वाटेने. नृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव यांच्या वंशातल्या सरस्वती गंगाधराने गुरुचरित्र मराठीत लिहिले तेव्हा त्याच्यासमोर बहमनी दरबारात मान असलेली सूफी घराणी होती. सुलतानाला वरून वस्त्र देण्याचा अधिकार संन्याशाकडे नव्हता. मग त्याने सुलतानालाच गुरूच्या घाटावरचा वस्त्र धुणारा केले. युक्ती म्हणून तिला तोड नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि तो मला टाळता येत नाही. पोथीत परटाला राजा करणे स्वस्त आहे. गुरुचरित्रातला रजक राज्य मिळवतो ते मेल्यावर, दुसऱ्या जातीत आणि दुसऱ्या धर्मात जन्म घेऊन. परीट म्हणून तो परीटच मरतो. तख्ताचे सामान सांभाळणारा बरीद शाह होतो, वस्त्रे सांभाळणाऱ्या शल्लूमचे नाव बायबलमध्ये येते, यरुशलेमच्या मंदिरात वस्त्रांवर नेमलेल्या पिनहासचे नाव ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथातल्या यादीत राहते. धुणाऱ्याचे नाव कोणत्या दरबारी यादीत आहे? जपणारा आणि धुणारा यांना एका माळेत ओवून मी धुणाऱ्याला खोटा मान देतो आहे, असे कोणी म्हटले तर त्यातला अर्धा भाग खरा आहे. वस्त्राशी जवळीक दोघांची सारखीच. पण जपणारा वस्त्र अडवून धरू शकतो, धुणाऱ्याला ते संध्याकाळी परत द्यावेच लागते. अडवण्याची ताकद जिथे नाही तिथे राखणदारी नुसती सेवा होते. माचय्याची कथा महत्त्वाची ती याचमुळे: त्याने अडवले. तो राजाचे कपडे घेत नाही, आणि घेतलेले गाठोडे कोणाला शिवू देत नाही. कल्याणच्या शरणांना हे अचूक कळले होते, म्हणून त्यांनी परटाच्या हातात तलवार दिली; आणि ११६७ च्या सुमारास कल्याण पेटले तेव्हा बाहेर पडणाऱ्या शरणांना सांभाळत नेणारा म्हणूनही परंपरेने माचय्यालाच उभे केले. तो नियम त्या समूहापुरता आणि त्या थोड्या वर्षांपुरता राहिला. आज त्याच माचय्याच्या नावाने कर्नाटक सरकार दरवर्षी १ फेब्रुवारीला मडिवाळ माचिदेव जयंती साजरी करते. तिथला मडिवाळ समाज सरकारी यादीत मागासवर्गाच्या ‘२ अ’ गटात आहे, सीमेपलीकडे महाराष्ट्रात परीट समाज इतर मागासवर्गात, आणि अनुसूचित जातींत समावेश व्हावा ही मागणी दोन्हीकडे आहे.